कॅमेऱ्यामागून : खेळण्यातलं गाव

ऑगस्टच्या अंकात माझं एक छायाचित्र छापून आलं होतं. पुण्यातला नदीपात्रातला रस्ता, भिडे पूल आणि त्यावरून चाललेल्या दुचाकी. सगळं एखाद्या हौशी माणसानं टेबलावर हातानं मांडून ठेवल्यासारखं दिसत होतं. ‘हे खरं आहे की मॉडेल?’ असं विचारणारी इतकी पत्रं आली, की या महिन्याचं सदर त्याच विषयाला द्यायचं ठरवलं. फोटो खरा आहे. दुचाकी खऱ्या आहेत, त्यांवरची माणसंही खरी आहेत.

ताई, मी अजिंक्यताऱ्यावरून साताऱ्याचे फोटो काढले आणि मोबाइलच्या अॅपमध्ये वरचा व खालचा भाग ब्लर केला. पण शहर खेळण्यातलं न दिसता नुसतं धूसर दिसतंय. घरचे विचारतात, लेन्स पुसली नव्हतीस का? माझं चुकतंय कुठे? – एक वाचक, सातारा

तुम्ही पाठवलेले तिन्ही फोटो मी मोठे करून पाहिले. ब्लर तुम्ही बरोबरच दिलाय. चूक त्याच्या आधीची आहे, उभं राहण्याच्या जागेची.

आधी हे समजून घ्या, की धूसरपणामुळे गाव लहान वाटतंच का. एक शेंगदाणा टेबलावर ठेवा आणि कॅमेरा त्याच्या अगदी जवळ नेऊन फोटो काढा. शेंगदाणा स्पष्ट येईल, पण त्याच्या पुढचं-मागचं टेबल विरघळून जाईल. वस्तू जवळ असली की फोकसमध्ये येणारा पट्टा फार अरुंद होतो. आकड्यांत सांगायचं तर फुल-फ्रेम (जुन्या ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर ५० मिमीचा लेन्स, एफ २.८ अॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र; आकडा जितका लहान, तितकं ते मोठं) आणि अर्ध्या मीटरवरची वस्तू असेल, तर जेमतेम दीड सेंटिमीटरचा पट्टा स्पष्ट येतो. आता तोच लेन्स एफ १.८ इतका उघडून साधारण ४६ मीटरवर फोकस करा. २३ मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट मिळेल. म्हणजे लांबून घेतलेल्या गावाच्या फोटोत पुढचं-मागचं असं विरघळणं निसर्गतः होतच नाही. आपल्या मेंदूला हे कुणी शिकवलेलं नसतं, पण जन्मभर पाहून पाहून त्याला ते पाठ झालेलं असतं. त्यामुळे गावाच्या फोटोत अरुंद पट्टा दिसला, की तो लगेच निष्कर्ष काढतो : हे जवळून पाहिलेलं आहे, म्हणजे लहान आहे. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये याच विषयावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. जमिनीवरचं अंतर जसं वाढत जातं तसाच धूसरपणाही वाढत गेला, तर हा भास सर्वांत पक्का होतो, असं त्यांना आढळलं.

आता तुमच्या फोटोंकडे येते. पहिल्या फोटोत वरचा एक तृतीयांश भाग आकाशाचा आहे आणि त्याखाली डोंगररांग. टेबलावर मांडलेल्या गावाला आकाश नसतं. आपण त्याच्याकडे वाकून बघतो, म्हणून त्याच्या मागे जमीनच दिसते. तेव्हा आकाश कापा. फोटो काढतानाच कॅमेरा इतका खाली झुकवा, की क्षितिज चौकटीत येणारच नाही. तिरपी नजर हवी, साधारण ३० ते ४५ अंश खाली बघणारी. अगदी सरळ खाली पाहिलंत तर नकाशा होतो, फार आडवं पाहिलंत तर देखावा होतो.

दुसरं म्हणजे तुम्ही फार उंचावर आहात. गडावरून शहर सुंदर दिसतं, मला ठाऊक आहे. मी तिथे दोन पहाटा काढल्या आहेत. पण घरं तांदळाच्या दाण्याएवढी झाली, की डोळ्याला धरायला काही राहत नाही. लहान वाटायला आधी ती वस्तू ओळखता यावी लागते. एसटी, छत्री, पाण्याची काळी टाकी, दोरीवर वाळत घातलेली साडी, हातगाडी. आपल्याला ज्यांचं माप माहीत आहे अशा गोष्टी. गड सोडा आणि चौथ्या-पाचव्या मजल्याची गच्ची शोधा. एसटी स्टँडच्या समोरची मिळाली तर सोनंच. फलाटाला ओळीनं लागलेल्या लाल गाड्या, मधल्या मोकळ्या जागेत बॅगा घेऊन धावणारी दोन-तीन माणसं. मोबाइलमध्ये २एक्स किंवा ३एक्स असेल तर तो वापरा. लेन्स जितका लांब पल्ल्याचा, तितक्या इमारतींच्या रेषा समांतर राहतात आणि चित्र मांडणीसारखं दिसू लागतं.

तिसरी गोष्ट हवेची. तुमचा फोटो उन्हाळ्यातल्या दुपारचा दिसतो, मागचे डोंगर धुरकट निळे झालेत. हा निळेपणा म्हणजे अंतराची खूण आहे. टेबलाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत हवा कधी धुरकट होत नाही. त्यामुळे तुमचा ब्लर सांगतोय ‘लहान’ आणि हवा सांगतेय ‘मोठं’. मोठी सर येऊन गेल्यावर पुढचा तासभर, किंवा पाऊस संपल्यावर ऑक्टोबरातली स्वच्छ सकाळ, ही या कामाची खरी वेळ. ऊन मात्र लख्ख असू द्या. एरवी मी तुम्हाला भर दुपारच्या उन्हात कॅमेरा काढू देणार नाही, पण इथे त्या कडक सावल्याच उपयोगी पडतात, कारण टेबलावरच्या मांडणीवर एकच दिवा टांगलेला असतो. पुण्याला आलात तर कोथरूडच्या जोशी मिनिएचर रेल्वे संग्रहालयात नक्की जा. गाड्या धावू लागल्या की त्यांच्या सावल्यांकडे, झाडांच्या रंगांकडे आणि लोकांच्या अंतराकडे बघा. गाव मांडणारा माणूस काय ठेवतो आणि काय ठेवत नाही, हे तिथे उभं राहून जितकं कळतं तितकं कुठल्याच अॅपमध्ये कळत नाही.

मी आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. असे मिनिएचर फोटो काढायला टिल्ट-शिफ्ट लेन्स घ्यावा का? – एक विद्यार्थिनी, नाशिक

केवळ त्यासाठी नको. हे लेन्स लाखाच्या घरात जातात आणि खेळण्यातलं गाव करणं हे त्यांचं मूळ काम नव्हेच. पण वास्तुरचना शिकते आहेस, तर तो लेन्स काय करतो हे तुला कळलंच पाहिजे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

शिफ्ट म्हणजे लेन्स सेन्सरला, म्हणजे कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या पट्टीला, समांतर ठेवून वर-खाली किंवा आडवा सरकवणं. उंच इमारतीचा फोटो काढताना कॅमेरा वर केला की इमारत मागे कलल्यासारखी दिसते. त्याऐवजी कॅमेरा सरळ ठेवायचा आणि फक्त लेन्स वर सरकवायचा, म्हणजे उभ्या रेषा उभ्याच राहतात. वाड्याच्या दिंडीदरवाजाचे खांब जर फोटोत आत झुकलेले दिसले, तर ज्या सुतारानं ते ओळंब्यात उभे केले त्याच्यावर अन्याय होतो, असं मला फार वाटतं. तीस वर्षं मी लोकांच्या इमारतींचे फोटो काढले, त्यात सर्वांत जास्त वापर या शिफ्टचाच झाला.

टिल्ट म्हणजे लेन्स सेन्सरच्या तुलनेत तिरपा करणं. ऑस्ट्रियाच्या सैन्यातले अधिकारी थिओडोर शाइमफ्लुग यांचं नाव टिल्टमागच्या नियमाला आहे. हवेतून घेतलेल्या फोटोंवरून नकाशे करण्याच्या खटपटीत त्यांनी १९०४ मध्ये तो मांडला. त्याआधी फ्रान्सच्या झ्यूल कार्पेंतिए यांनीही ही कल्पना पेटंटमध्ये नोंदवली होती. नियम सोपा आहे. सेन्सरची पातळी (म्हणजे त्याचं सपाट प्रतल), लेन्सची पातळी आणि ज्या वस्तूचा फोटो घ्यायचा तिची पातळी, या तिन्ही वाढवत नेल्यावर एकाच रेषेत भेटल्या, तर ती वस्तू जवळच्या टोकापासून लांबच्या टोकापर्यंत स्पष्ट येते. शोभायात्रेसाठी रस्ताभर काढलेली रांगोळी डोळ्यासमोर आण. कॅमेरा जमिनीपासून दीड मीटर वर आणि लेन्स २४ मिमीचा असेल, तर कॅमेरा सरळ ठेवून फक्त लेन्स एका अंशाच्याही आत खाली झुकवला, की पायाजवळच्या ठिपक्यापासून रस्त्याच्या टोकापर्यंतची रांगोळी एकसारखी स्पष्ट होते. अॅपर्चर बारीक करायची गरजच पडत नाही.

म्हणजे टिल्टचा जन्म जास्त भाग स्पष्ट करण्यासाठी झाला. खेळण्यातलं गाव करताना आपण त्याला उलटं वापरतो. कॅमेरा खाली बघतोय आणि लेन्स वर झुकवलाय. मग फोकसची पातळी जमिनीला धरून राहत नाही, तिला आडवी कापून जाते, आणि गावाचा एक चिंचोळा काप तेवढा स्पष्ट उरतो.

मला हे १९८८ साली अपघातानं दिसलं. मी तेव्हा एका स्टुडिओत शिकाऊ होते. चार बाय पाच इंची फिल्मचा भात्याचा कॅमेरा डेक्कनजवळच्या एका गच्चीवर लावला होता, लकडी पुलाच्या बाजूला तोंड करून. काळं कापड डोक्यावर घेऊन ग्राउंड ग्लासवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागच्या दुधी काचेवर, उलटं दिसणारं चित्र बघायची तेव्हा पद्धत होती. लेन्स धरणाऱ्या पुढच्या चौकटीचा टिल्टचा स्क्रू सैल राहिला होता, तो जाग्यावरून सरकला आणि ते माझ्या ध्यानात आलं नाही. स्लाइड धुऊन आली, लाइट बॉक्सवर ठेवली, तर पुलाच्या मधल्या भागातल्या लुना आणि सायकली जत्रेतल्या पत्र्याच्या खेळण्यांसारख्या दिसत होत्या आणि बाकी सगळं साय धरल्यासारखं. सर रागावतील म्हणून मी ती लपवणार होते. त्यांनी ती पाहिली, भिंग डोळ्याला लावून बराच वेळ पाहिली, आणि ‘जपून ठेव’ एवढंच म्हणाले. ती स्लाइड अजून माझ्याकडे आहे.

छोट्या कॅमेऱ्यांसाठी टिल्ट आणि शिफ्ट दोन्ही करणारा पहिला लेन्स कॅननचा, ३५ मिमीचा, १९७३ सालचा. त्यांच्या पुढच्या टीएस-ई मालिकेतला २४ मिमीचा लेन्स साडेआठ अंशांपर्यंत झुकतो आणि १२ मिमीपर्यंत सरकतो. आणि ज्यांच्यामुळे ही नजर जगभर पसरली त्यांची दोन नावं लक्षात ठेव. इटलीचे ओलिव्हो बार्बिएरी यांनी २००३ पासून दहा वर्षं हेलिकॉप्टरमधून शहरं टिपली. जपानचे नाओकी होंजो हे मोठ्या फॉरमॅटच्या कॅमेऱ्यानं उंचावरून फोटो घेतात. त्या कामाला २००६ सालचा किमुरा इहेई हा जपानमधला छायाचित्रणाचा पुरस्कार मिळाला. दोघांचं काम बघताना माणसं कुठे उभी आहेत तिकडे लक्ष दे. ब्लर नंतर बघ.

तुझ्यासाठी सल्ला असा, की लेन्स विकत न घेता दोन दिवस भाड्यानं आण. पहिला दिवस शिफ्टला दे. नाशिकमध्ये जुने वाडे आहेत, घाटावरची देवळं आहेत. दुसरा दिवस टिल्टला. या लेन्सना ऑटोफोकस नसतो हे आधीच माहीत असू दे. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर, चित्र दहापट मोठं करून हातानंच फोकस करायचा असतो.

बाबांच्या फिल्म कॅमेऱ्याचा ५० मिमीचा लेन्स घरी पडून आहे. तो हातानं तिरपा धरून टिल्टचा परिणाम मिळतो असं ऐकलं. खरं का? – एक वाचक, कोल्हापूर

मिळतो. पण तुमचा कॅमेरा कुठला आहे त्यावर सगळं अवलंबून आहे, आणि इथेच बरेच जण हिरमुसतात.

लेन्स कॅमेऱ्यापासून सोडवून हातात धरला, की तो थोडा तरी पुढे येतो. पुढे आला की लांबचा फोकस जातो आणि जवळचंच स्पष्ट दिसतं. तुमच्याकडे डीएसएलआर (आत आरसा असलेला डिजिटल कॅमेरा) असेल आणि लेन्सही तशाच कॅमेऱ्याचा असेल, तर फुलाचे फोटो छान येतील, पण रंकाळ्याचा काठ कधीच फोकसमध्ये येणार नाही. मिररलेस असेल तर गोष्ट वेगळी. आतला आरसा नसल्यामुळे लेन्स आणि सेन्सर यांच्यातलं ठरलेलं अंतर कमी असतं. निकॉनच्या जुन्या एफ माउंटला (माउंट म्हणजे लेन्स बसवायची खोबण) ते ४६.५ मिमी आहे, सोनीच्या ई माउंटला १८. म्हणजे जुना निकॉनचा लेन्स सोनीवर लावताना मध्ये साडेअठ्ठावीस मिलिमीटरची मोकळी जागा मिळते. ती भरून काढायला टिल्ट होणारे अॅडॅप्टर येतात, खऱ्या टिल्ट-शिफ्ट लेन्सच्या किमतीच्या मानानं फारच स्वस्त. बाबांचा लेन्स त्यावर बसवा. अॅपर्चरची रिंग लेन्सवरच आहे, ती पूर्ण उघडी ठेवा.

हातात धरून करायचंच असेल तर वारा नसलेल्या खोलीत, खिडकीतून खाली बघत करा. उघड्या सेन्सरवर धूळ फार लवकर बसते. कॅमेरा बंद करूनच लेन्स काढा, आणि उन्हाकडे तोंड करून तर मुळीच काढू नका.

तो लेन्स वापरात येतोय हे वाचून मला फार बरं वाटलं.

कुठलं अॅप वापरावं? – अनेकांचा प्रश्न

स्नॅपसीडमधलं लेन्स ब्लर, फोटोशॉपच्या ब्लर गॅलरीतलं टिल्ट-शिफ्ट किंवा फुकट मिळणाऱ्या गिम्पमधलं फोकस ब्लर, कुठलंही चालेल. आकार सरळ पट्ट्याचा निवडा, गोल नको. स्पष्ट पट्टा चौकटीच्या मधोमध न ठेवता किंचित खाली ठेवा आणि कडेचा उतार लांब ठेवा. पट्ट्याची कड दिसली की भास गेलाच.

मोठी अडचण उभ्या वस्तूंची येते. पट्टा रस्त्यावर आहे आणि त्याच रस्त्यावर एक मनोरा उभा आहे. अॅपला वाटतं, चित्रात वर आहे ते लांब आहे, म्हणून ते मनोऱ्याचं डोकं धूसर करतं आणि पाय स्पष्ट ठेवतं. जवळून पाहिलेल्या खऱ्या मॉडेलमध्ये असं होत नाही. तिथे मनोरा वरपासून खालपर्यंत एकाच अंतरावर असतो, म्हणून सगळाच स्पष्ट दिसतो. स्पष्ट पट्ट्यात ज्याचे पाय आहेत ते झाड, तो खांब, ती इमारत मास्कनं, म्हणजे तेवढा भाग ब्लरमधून झाकून, हातानं वाचवा. दहा मिनिटांचं काम आहे, पण टाळू नका. ते नको असेल तर असं दृश्य निवडा जिथे उंच काही नाही : बाजार, क्रिकेटचं मैदान, मासे उतरवायचा धक्का, खळं.

रंग थोडे चढवा, कारण मॉडेलवरचा रंग ताजा असतो. थोडेच. झाडं पोपटासारखी व्हायला लागली की थांबा.

मी सिडनीत राहते. बंदराचे असे व्हिडिओ पाहिलेत, ज्यात बोटी टबातल्या खेळण्यांसारख्या हलतात. ते कसं करतात? – एक वाचक, सिडनी

तुमच्याच शहरात कीथ लौटिट यांनी २००८ च्या सुमारास असे व्हिडिओ केले आणि बऱ्याच जणांना त्यांतूनच ही वाट सापडली. त्यात ब्लरइतकंच महत्त्व वेगाचं आहे.

लहान वस्तू लगबगीनं हलतात. टेबलावरून पडलेला पेला क्षणात जमिनीवर असतो, पण उंच कड्यावरून पडणारा धबधबा सावकाश उतरल्यासारखा दिसतो. चित्रपटांत बुडणारं जहाज छोट्या मॉडेलवर चित्रित करायचं असलं की म्हणूनच जास्त फ्रेम्स घेऊन ते हळू दाखवत आले आहेत. हिशोब वर्गमुळाचा आहे. मॉडेल २५ पट लहान असेल तर वेळ ५ पट ताणायचा. आपल्याला उलटं करायचंय, खरी बोट २५ पट लहान वाटायला हवी, म्हणून व्हिडिओ ५ पट वेगानं चालवायचा. शंभर पट लहान हवी असेल तर दहापट. २५ फ्रेम्सच्या व्हिडिओसाठी सेकंदाला पाच फोटो घेतलेत की पाचपट वेग झाला.

शटर वेगवान ठेवा. फ्रेममध्ये हालचालीची रेघ ओढली गेली तर बोट गुळगुळीत सरकते. प्रत्येक फ्रेम लख्ख असली तर ती टुणटुण उड्या मारत जाते, कुणी हातानं पुढे ढकलल्यासारखी. तिपाई जड हवी. वाऱ्यानं कॅमेरा हलला तर सगळं गावच हलतं.

दिवेघाटातल्या पालखीचा ड्रोननं घेतलेला फोटो मी असा करून मित्रांना पाठवला. एका वडीलधाऱ्यांनी ‘वारकऱ्यांची खेळणी केलीस’ म्हणून फटकारलं. तुमचं मत काय? – एक वाचक, सासवड

मी तुमचा फोटो पाहिला आणि दोन दिवस उत्तर लिहिलं नाही.

घाटाच्या वळणावरून चाललेल्या दिंड्या, पांढरी टोपी, भगवी पताका, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका. तुमच्या फोटोत पट्टा असा पडलाय, की एका बाईच्या डोक्यावरचं वृंदावन आणि शेजारच्याच्या हातातले टाळ तेवढे स्पष्ट आहेत. मला त्यात अवमान दिसला नाही. उलट एरवी वारीच्या फोटोंत माणसं मुंग्यांच्या रांगेसारखी होतात, त्यांतली एक बाई तुम्ही मला दाखवलीत. पण तुम्ही पाठवलेल्या दुसऱ्या फोटोत पट्टा नुसत्या गर्दीवरून गेलाय, कुणीच कुणी नाही. तो पाहून त्या वडीलधाऱ्यांना जे वाटलं ते मलाही वाटलं. पहिला ठेवा, दुसरा काढून टाका.

मी हे तंत्र कुठे वापरत नाही तेही सांगते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीला महापूर आला, तेव्हा एका ओळखीच्यानं छपरांपर्यंत बुडालेल्या गल्लीचा वरून घेतलेला फोटो असा करून मला दाखवला. तंत्र अचूक होतं. पत्र्यावर बसलेली चार माणसं बाहुल्यांसारखी दिसत होती. माझी मावशी तेव्हा सांगलीत दुसऱ्या मजल्यावर अडकलेली होती, फोन लागत नव्हता. मी तो फोटो बघू शकले नाही. जी वस्तू लहान दिसते ती आपल्याला आटोक्यातली वाटते, उचलून हलवता येईल अशी वाटते. ज्यांच्या हातात त्या दिवशी काहीच नव्हतं, त्यांना तसं दाखवू नये. मी त्याला तसं सांगितलं, आणि त्यानं तो कुठे दिला नाही.

ड्रोनबद्दलही लिहिते, कारण तुमच्या पत्रात परवानगीचा उल्लेख नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, पण म्हणून कुठेही उडवता येतो असं नाही. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर तांबडा, पिवळा, हिरवा भाग बघूनच उडवायचं असतं आणि पोलिसांचे स्थानिक आदेश वेगळे असतात. आणि माणसांच्या डोक्यावरून तर नकोच. पंखा तुटून खाली आला तर तिथे लहान मूल असेल. घाटातल्या वरच्या वळणावर पहाटे जाऊन उभे राहा. तिथून मिळणारी तिरपी नजर ड्रोनपेक्षा चांगली असते, आणि पाय दुखले की चालणाऱ्यांबद्दल जरा जास्त कळतं.

काकू, मी सातवीत आहे. आम्ही दिवाळीत प्रतापगड केला होता. फोटोत तो मातीचा ढीग दिसतो. तो खरा गड दिसेल असा फोटो काढता येईल का? माझ्याकडे आईचा फोन आहे. – इचलकरंजी

तुझं पत्र शेवटी ठेवलं, कारण वरच्या सगळ्या मोठ्या माणसांना जे करायचंय त्याच्या बरोबर उलट तुला करायचंय. ते खरं गाव खेळण्यातलं करतायत आणि तुला खेळण्यातला गड खरा करायचाय.

तू फोटो उभं राहून काढलायस. उभं राहून पाहिलं की तू गडापेक्षा मोठा होतोस. आता पोटावर झोप. फोन उलटा धर, म्हणजे त्याचा कॅमेरा खाली जमिनीजवळ येईल. पायथ्याशी ठेवलेल्या मावळ्याच्या डोळ्यांच्या उंचीला कॅमेरा आण. मावळ्याला गड जसा दिसतो तसा तुला हवाय.

०.५ लिहिलेला कॅमेरा वापर. त्यात जवळचं आणि लांबचं दोन्ही बरंचसं स्पष्ट येतं, आणि आपल्याला इथे धूसरपणा अजिबात नकोय. पोर्ट्रेट मोड बंद. सर्वांत पुढचा मावळा कॅमेऱ्यापासून वीतभर तरी लांब ठेव.

मागे काय दिसतंय ते बघ. तुझ्या फोटोत बुरुजाच्या मागे बादली आणि स्कूटरचं चाक आहे. इतकं खाली झोपलास की मागे आकाश येईल. नाहीच आलं तर दादाला मागे फिक्कट निळी चादर धरून उभं कर. फोटो सकाळी लवकर काढ, ऊन तिरपं असताना. मग तटबंदीची सावली लांब पडते आणि कडा उंच दिसतो.

आळीव उगवलेत ते छान दिसतात, पण एकेक पान तुझ्या मावळ्याच्या ढालीएवढं आहे. फोटोत येणाऱ्या बाजूला ते कात्रीनं अगदी बारीक छाटून टाक, किंवा तिथे हिरवा भुसा भुरभुर. पायऱ्यांवर गाळलेली माती टाक. ढेकूळ दिसलं की फसगत उघडी पडते.

शेवटचं काम आईला जवळ बसवूनच कर. गडाच्या मागच्या बाजूला, माची आणि बालेकिल्ल्याच्या मधे, दोन उदबत्त्या खोच. वारा नसताना धूर तिथेच रेंगाळतो. मग पुढची तटबंदी गडद दिसते आणि मागचा बालेकिल्ला फिकट. जावळीत पावसाळ्यानंतर पहाटे धुकं असतं ना, तसं. धूर पातळ होईपर्यंत थांब, घाई करू नकोस, आणि एकदम दहा-बारा फोटो काढ.

चांगला आला तर पाठव. बादली नसलेला.